पार्सलची पिशवी कंपनीची जबाबदारी, मग आतला टॉप कुणाचा?

आधी या वेळचं पत्र, थोडं कमी करून देतेय.

"ताई, मी पुण्यात धायरीला राहते, वय ४७, नोकरी करते. लेक २० वर्षांची, कॉलेजला आहे. आठवड्याला घरी दोन-तीन पार्सलं येतात, १९९ चा टॉप, २४९ ची पॅन्ट, असलंच सगळं. कपाट बंद होत नाही, बेडच्या बॉक्समध्ये पण कपडेच. दोनदा घातलं की तिच्यासाठी ते जुनं, कारण फोटो टाकून झालेला असतो. मागच्या महिन्यात जोरात भांडण झालं. मी म्हटलं पैसे उधळतेस वर पर्यावरणाची वाट लावतेस. तर म्हणाली, आई मी महिन्याला दीड हजाराचे कपडे घेते, तुझी एक साडी तेवढ्याची असते, आणि पर्यावरणाचं मला नको सांगूस, मी एकटीने बंद केलं तर कंपनी बंद पडणारे का, कायदा सरकारने करायचा असतो, तू सरकारला सांग. मला उत्तरच सुचलं नाही. तिचं खरंय का? आणि हा ढीग मी कुठे देऊ, हल्ली बोहारीणही येत नाही. एक आई, पुणे."

ताई, पहिल्यांदा एकच सांगते, तुमची लेक रागात का होईना पण मुद्द्याचं बोललीय. कायदा सरकारनेच करायचा असतो आणि टाकलेल्या कपड्यांची जबाबदारी कंपनीवर टाकणारा कायदा आपल्याकडे नाहीये, हे अगदी खरंय. म्हणून तिच्याशी वाद घालायच्या ऐवजी तिच्या वाक्याचा शेपटाकडचा भाग पकडा, "तू सरकारला सांग". सांगूया की, दोघी मिळून सांगा. पण ते पुढे.

आधी पैशाचा मुद्दा सोडून द्या. तिथे तुम्ही हरलाय, कारण तिचा हिशेब बरोबर आहे, दीड हजारात सात नग येतात आणि तुमची साडी एकच येते, घरखर्चाच्या वहीत तिचा खर्च जास्त नाहीये. भांडण पैशावर नेलंत की ती जिंकते आणि खरा प्रश्न तिथेच राहतो, की १९९ ला कपडा मिळतोच कसा? कापूस किंवा धागा, विणणं, रंगवणं, कापणं, शिवणं, पॅकिंग, गोडाऊन, घरपोच करणाऱ्या मुलाचे पैसे, जाहिरात आणि वर कंपनीचा नफा, हे सगळं १९९ मध्ये बसत नाही हो. बसवायचं तर कुणाला तरी कमी द्यावं लागतं किंवा काहीतरी फुकट वापरावं लागतं. फुकट वापरायला सगळ्यात सोपी असते ती नदी.

हे मी वाचून सांगत नाहीये. माझं माहेर शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठावर. आमच्या वरच्या अंगाला इचलकरंजी. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, घराघरातून मागाचा खडखडाट, गावंच्या गावं त्यावर जगली, माझे दोन मामा मागावर होते, त्यामुळे त्या शहराबद्दल वाईट बोलताना माझी जीभ जड होते. पण मागावर विणलेलं कापड कोरं असतं, त्याला पुढे प्रोसेसला न्यावं लागतं, आणि पाणी लागतं ते तिथे. खळ काढायची, कॉस्टिकमध्ये उकळायचं, ब्लीच करायचं, मग रंग, मीठ, सोडा, आणि मग धू धू धुवायचं. सुताला जे रंग वापरतात ते सगळे कापडाला धरत नाहीत, बराच भाग धुण्याच्या पाण्यात निघून जातो, मीठ तर सगळंच निघून जातं. ते पाणी नीट शुद्ध करायला यंत्रणा लागते, वीज लागते, माणसं लागतात, आणि मीटरमागे पैशा-पैशावर रेट ठरत असेल तर जो शुद्ध करतो तो महाग पडतो आणि जो रात्री ओढ्यात सोडतो तो स्वस्त. इचलकरंजीत एका ओढ्याचं नावच काळा ओढा आहे. तो पंचगंगेला मिळतो आणि पंचगंगा आमच्याकडे येते.

लहानपणी आम्ही घाटावर पोहायला शिकलो. आता उन्हाळ्यात पाणी कमी झालं की तेरवाडच्या बंधाऱ्याशी मेलेल्या माशांचा खच पडतो, वर जलपर्णीची हिरवी सतरंजी, आणि वास असा की एसटीची खिडकी बंद करावी लागते. हे पाणी पुढे नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जातं, लोक तिथे स्नान करतात. सगळा दोष कापडाचा नाही, कोल्हापूर आणि इचलकरंजीचं सांडपाणी आहे, साखर कारखाने आहेत, हे सांगितलं पाहिजे नाहीतर मी खोटी पडेन. पण कापडाचा वाटा आहे आणि तो डोळ्याला दिसतो. बरं, याची शिक्षा पहिल्यांदा कुणाला झाली तर इचलकरंजीलाच. नदी दारात असून त्या शहराला कृष्णेचं पाणी मजरेवाडीहून आणावं लागलं, मग वारणेचं मागितलं तर तिकडच्या गावांनी विरोध केला, मग दूधगंगेतून सुळकूडची योजना आली तर कागलकर उभे राहिले. आपली नदी घालवली की दुसऱ्याच्या नदीकडे हात पसरायची वेळ येते, आणि दुसरा म्हणतो तुम्ही आमचीही तीच गत कराल. विरोध करणाऱ्याचा राग मला येत नाही, आणि पाच-सहा दिवसांनी नळाला पाणी आलं म्हणून घागरी घेऊन धावणाऱ्या बायकांचाही नाही.

तुमच्या लेकीचा टॉप इचलकरंजीत रंगला असं मी म्हणत नाहीये. तो सुरतचा असेल, तिरुपूरचा असेल, बांगलादेशचा असेल. हेच तर आहे ना, तिला कळायला मार्गच नाही. कपड्याच्या आतल्या लेबलवर कुठे बनला ते लिहितात, पण कुठे रंगवला ते लिहीत नाहीत. उद्या घरातला एखादा कपडा उलटा करून दोघी बघा. सगळ्यात जास्त घाण जिथे होते त्या जागेचं नाव लेबलवर नसतं.

तिरुपूरचं मात्र सांगितलंच पाहिजे कारण कायदा काय करू शकतो आणि काय नाही, दोन्ही तिथे दिसतं. तमिळनाडूतलं हे शहर, जगभर टीशर्ट आणि बनियन पाठवतं. तिथल्या डाईंगवाल्यांनी नोय्यल नदीत इतकं खारं रंगीत पाणी सोडलं की खालच्या ओरथुपालयम धरणात, जे शेतीसाठी बांधलं होतं, त्यात सांडपाणीच साठून राहिलं आणि शेतकरीच म्हणायला लागले की आमच्या शेतात हे पाणी सोडू नका. विचार करा ताई, धरणाचं पाणी नको म्हणणारा शेतकरी! ते कोर्टात गेले, वर्षानुवर्षं केस चालली, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाने सातशेच्या वर डाईंग युनिट एकदम बंद करायला लावली. एक थेंब बाहेर सोडायचा नाही, पाणी शुद्ध करून परत वापरायचं आणि मीठही परत काढायचं, हे जमलं तरच चालू करा. आरडाओरड झाली, उद्योग मेला म्हणाले, पण मेला नाही, यंत्रणा बसवल्या आणि आज तिरुपूर तेच कौतुकाने गिऱ्हाइकांना दाखवतं. पण दुसरी बाजू अशी की तिथे खर्च वाढला आणि काही काम शेजारच्या जिल्ह्यांत सरकलं, जिथे बघणारं कुणी नव्हतं. म्हणजे एका गावाला शिस्त लावली की घाण दुसऱ्या गावाला जाते. म्हणून माझं मत असं झालंय की कायदा नुसता रंगवणाऱ्यावर असून भागत नाही, तो ज्याच्या नावाने कपडा विकला जातो त्याच्यावर पाहिजे. डाईंगवाला बदलता येतो, गाव बदलता येतं, ब्रँडचं नाव तेच राहतं.

आता त्या टॉपबद्दल. १९९ चा असेल तर तो बहुतेक पॉलिस्टर असणार, किंवा पॉलिस्टर-कॉटन-लायक्राचं काहीतरी मिश्रण. पॉलिस्टर म्हणजे प्लास्टिकच, पाण्याची बाटली ज्याची असते तेच, फक्त धागा काढलेला. जगात आज जेवढा धागा बनतो त्यात निम्म्याहून जास्त हाच असतो. धुतला की त्यातून बारीक बारीक तंतू सुटतात, डोळ्याला न दिसणारे, ते गटारातून नदीत आणि नदीतून समुद्रात. आणि मिश्र कापड परत वेगळं करून त्याचा नवा धागा काढणं फार अवघड आणि महाग, जुन्या कपड्यापासून नवा कपडा असं जगात एक टक्काही होत नाही.

आणि आता जे सांगते ते तुमच्या लेकीला नक्की सांगा, कारण मला स्वतःला हे लक्षात आलं तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होते. पार्सल ज्या प्लास्टिकच्या पिशवीत येतं ना, त्या पिशवीची जबाबदारी आपल्या देशात कायद्याने कंपनीवर आहे. २०२२ पासून प्लास्टिक पॅकेजिंगला उत्पादकाची विस्तारित जबाबदारी लागू आहे, म्हणजे जेवढं पॅकिंग बाजारात आणलं त्या हिशेबाने ते गोळा करून रिसायकल करून घ्यायची जबाबदारी ब्रँडवर. ई-कचऱ्याला आहे, बॅटरीला आहे, टायरला आहे. पण पिशवी फाडल्यावर आतून जो प्लास्टिकचा टॉप निघतो, पिशवीच्या कितीतरी पट वजनाचा, त्याला काही नाही. पिशवी कंपनीची आणि टॉप तुमच्या बेडच्या बॉक्सचा. हा कायदा कपड्यांपर्यंत ओढायचा एवढीच मागणी आहे, आकाशातून काही नवीन आणायचं नाहीये.

तुम्ही बोहारणीचं लिहिलंत आणि मला माझी आई आठवली. पाठीवर कपड्यांचं बोचकं आणि डोक्यावर भांड्यांची पाटी, दुपारी दोन वाजता हाक यायची, आई दोन पॅन्ट आणि एक साडी घेऊन बसायची आणि एका स्टीलच्या डब्यासाठी अर्धा तास घासाघीस. तिच्याकडे देण्याआधी घरात कपड्याचे तीन जन्म झालेले असायचे, साडीची गोधडी, धोतराची दुपटी, बनियनचं फडकं. ती व्यवस्था चालायची कारण कपड्यात दम होता. बोहारीण येत नाही त्याला सोसायटीचा वॉचमन हे एक कारण आहेच, पण खरं कारण असं की तिला हे कपडे नकोत. झिरझिरीत पॉलिस्टरचा टॉप दुसऱ्यांदा विकला जात नाही, त्याची गोधडी होत नाही, बाळाच्या अंगाला लागत नाही, आणि फडकं म्हणून पण चालत नाही कारण तो पाणी शोषतच नाही. गॅरेजवाल्याला विचारा, ऑईल पुसायला तो सुती चिंधी मागतो. तुमच्या लेकीच्या पिढीला आपण उधळी म्हणतो पण आपल्या हातात परत वापरता येईल असा कपडा होता आणि त्यांच्या हातात तसा दिलाच जात नाही, हे पण बघा जरा.

ढीग कुठे देऊ म्हणालात, त्याच्या आधी एक प्रसंग सांगते. ऑगस्ट २०१९ चा महापूर. आमचा शिरोळ तालुका पाण्याखाली, माझ्या भावाचं घर छपरापर्यंत. पाणी उतरल्यावर राज्यभरातून मदत आली, पाणी, पीठ, औषधं, माणसं स्वतः चिखल काढायला आली, ते आम्ही जन्मात विसरणार नाही. पण त्यात जुन्या कपड्यांचे ट्रकही आले. शाळेच्या मैदानावर ढीग. मी स्वतः तीन दिवस निवडायला बसले होते. फाटकी जीन्स, पार्टीचे टिकल्यांचे टॉप, एकेकटे मोजे, डाग पडलेले गाऊन, आणि समोर ज्या बायका उभ्या त्यांना हवी होती धड एक साडी, परकर आणि नवीन आतले कपडे. कोण घेणार ते? पाऊस आला, ढीग भिजला, कुजला, आणि शेवटी पुराच्या चिखलाबरोबर तो पण आम्हालाच उचलून टाकावा लागला. देणाऱ्यांचं मन वाईट नव्हतं हो. पण त्यांचं कपाट मोकळं झालं आणि आमचं मैदान भरलं.

नंतर कळलं की जगभर हेच चालतं. घानामध्ये अक्रा शहरात कान्तामान्तो नावाचा जुन्या कपड्यांचा बाजार आहे, युरोप-अमेरिकेत दान म्हणून दिलेले कपडे गाठोडी बांधून तिथे येतात, आठवड्याला दीड कोटी नग असा तिथे काम करणाऱ्या एका संस्थेचा अंदाज. तिथल्या भाषेत या कपड्यांना ओब्रोनी वावू म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्याचे कपडे, कारण जिवंत माणूस इतके कपडे टाकून देईल हे कुणाला खरं वाटेना. बाई गाठोडं कर्ज काढून घेते, न उघडता, आणि आत बऱ्याच चिंध्या निघाल्या की तिचे पैसे बुडाले आणि चिंध्या गटारात, तिथून समुद्रकिनाऱ्यावर. तिकडे चिलीत अटाकामाच्या वाळवंटात, इकिके बंदराजवळ आल्तो ओस्पिसियो गावाबाहेर, न खपलेल्या कपड्यांचे डोंगर, २०२२ मध्ये ते पेटले होते. फोटो बघा, मला ते बघताना आमच्या शाळेचं मैदान दिसतं.

आपल्याकडे पानिपत आहे, तिथे जगभरच्या जुन्या लोकरी कपड्यांचं पिंजून सूत काढतात आणि ब्लँकेटं करतात, फार मोठं काम आहे, पण तिथेही स्वस्त नव्या पॉलिस्टर ब्लँकेटांनी त्यांचा धंदा मारला. म्हणजे नवीन इतकं स्वस्त झालं की जुन्याचं काही करणंच परवडेना. जोपर्यंत नवीन बनवणाऱ्याला त्याच्या शेवटाचा खर्च भरावा लागत नाही तोपर्यंत हे असंच चालणार, आणि तो खर्च स्वतःहून कुणी भरत नाही. सगळ्या कंपन्यांनी छान छान वचनं दिलीत, हिरव्या रंगाची टॅगं लावलीत. बांगलादेशात २०१३ मध्ये राणा प्लाझा ही कपडे शिवायच्या कारखान्यांची इमारत कोसळली, ११३४ माणसं गेली, आदल्या दिवशी भिंतीला तडे दिसले होते तरी शिलाई कामगारांना आत बोलावलं. त्यातल्या काही कारखान्यांचं ऑडिट झालेलं होतं बरं का, कागदावर सगळं ठीक. त्यानंतर जो करार झाला तो ब्रँडना कायद्याने बांधून घेणारा होता, आणि कारखान्यांच्या इमारती, वायरिंग, जिने खरोखर सुधारले ते त्याच्यामुळे. नदीसाठी तसलंच बांधून घेणारं काहीतरी पाहिजे.

होतं का हे? होतंय. फ्रान्समध्ये कपडे विकणाऱ्यांना त्यांच्या कचऱ्याच्या व्यवस्थेसाठी पैसे भरावेच लागतात, हा नियम तिकडे पंधरा वर्षांहून जुना आहे. २०२३ पासून तिथे कपडा किंवा बूट दुरुस्त करून घेतला की बिलात सूट मिळते, ती याच पैशातून. मार्च २०२४ मध्ये त्यांच्या खालच्या सभागृहाने फास्ट फॅशनवर वेगळं विधेयक मंजूर केलं, ज्या कंपन्या रोज हजारो नवीन डिझाईन ओततात त्यांच्यावर नगामागे दंड, २०३० पर्यंत १० युरोपर्यंत वाढणारा, पण किमतीच्या निम्म्यापेक्षा जास्त नाही, आणि जाहिरातीवर बंदी. जून २०२५ मध्ये सिनेटनेही ते मंजूर केलं, थोडं सौम्य करून. युरोपियन युनियनने मोठ्या कंपन्यांना न खपलेले कपडे नष्ट करायला बंदी घातलीय, जुलै २०२६ पासूनची. हो, न विकलेला कोरा माल नष्ट करायचे, म्हणून तर बंदी घालावी लागली.

आपल्याकडे काय आहे? ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियम आणले की पुराव्याशिवाय पर्यावरणपूरक, ग्रीन वगैरे लिहून विकायचं नाही. चांगलं आहे, १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते, करा. नवी मुंबई महापालिकेने बेलापूरला जुन्या कपड्यांसाठी वेगळं केंद्र काढलंय, मला तर वाटतं प्रत्येक महापालिकेत तसं पाहिजे. पण करांचं बघा, सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के जीएसटी आणि त्याच्या वर १८. सामान्य माणसाला कपडा स्वस्त मिळावा हा हेतू मला मान्य आहे, मनापासून मान्य आहे. पण हातमागाच्या सुती कापडाचा शिवलेला, दहा वर्षं टिकणारा कुर्ता २,८०० चा असेल तर त्याला १८ आणि दोनदा घालून फेकायच्या प्लास्टिकच्या टॉपला ५, हे कराला दिसतच नाही कारण तो फक्त किंमत बघतो, कपडा कशाचा आहे आणि किती टिकणार हे बघत नाही.

इथे एक जण हमखास म्हणतं, आणि तुमच्या लेकीने पण म्हणावं असं मला वाटतं, की मग गरिबाने काय घालायचं? आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीने पहिल्यांदा नवाकोरा ड्रेस घातला तो २५० चाच होता, आधी सगळं उतरलेलंच मिळायचं तिला. तिचा आनंद मी डोळ्याने बघितलाय आणि तिला दोष देणारी मी कोण. पण ती वर्षाला चार ड्रेस घेते, चारशे नाही. ढीग तिच्याने होत नाही. म्हणूनच कायदा विकत घेणाऱ्यावर नको, बनवणाऱ्याच्या ढिगावर पाहिजे, जेवढे नग बाजारात ओताल तेवढं भरा, टिकणारं बनवाल तर कमी भरा. आणि पंचगंगेच्या काठावर राहणारी बाई पण गरीबच असते हो, तिला आरओ परवडत नाही.

आता लेकीचं मुख्य वाक्य, मी एकटीने काय होणार. ताई, तिला खोटी उमेद देऊ नका. ती एकटी थांबली तर कंपनीला कळणार पण नाही. पण तिला हे आठवतंय का बघा, २०१८ ला आपल्याकडे प्लास्टिकबंदी आली तेव्हा भाजीवाल्याकडे एका आठवड्यात सगळ्यांच्या हातात कापडी पिशव्या दिसायला लागल्या. त्याआधी वर्षानुवर्षं लोकांना समजावून जे झालं नव्हतं ते झालं. नंतर तपासणी ढिली पडली आणि पातळ पिशव्या परत आल्या, ते पण तिला सांगा, कारण तिचं म्हणणं त्यानेच सिद्ध होतं की कायदा लागतो आणि तो राबवावा पण लागतो. आणि कायदा मागायला माणसं लागतात. तिरुपूरचा निकाल शेतकऱ्यांनी मागितला म्हणून आला. केंद्र सरकार पर्यावरणाचे नवे नियम आणतं तेव्हा आधी मसुदा प्रसिद्ध करतं आणि साधारण ६० दिवस हरकती-सूचना घेतं, ईमेलने सुद्धा. तिथे उद्योगांची पत्रं भरभरून जातात, वापरणाऱ्यांची फार थोडी. तुमची लेक इन्स्टावर इतकं लिहिते ना, तिला सांगा खासदाराला एक पत्र लिही, दोनच मागण्या, कपड्यांना विस्तारित जबाबदारी लावा आणि लेबलवर कुठे रंगवला ते छापा. खाली दोघींच्या सह्या करा. तुम्ही तिला "सरकारला सांग"चं उत्तर असं दिलंत की पुढचं बोलणं आपोआप वेगळं होईल.

तिच्याशी बोलताना आकडे फुगवून सांगू नका हं. एका टीशर्टला २,७०० लिटर पाणी वगैरे सगळीकडे फिरतं, पण आपल्या विदर्भ-मराठवाड्यातला बराच कापूस पावसावर येतो, तिथे ते पाणी नळाने दिलेलं नसतं. मुलं हुशार असतात, एक आकडा चुकीचा निघाला की बाकी सगळं खोटं ठरवतात. त्यापेक्षा तिला एका रविवारी घेऊन जा, आधी इचलकरंजीला, मग आमच्याकडे तेरवाडच्या बंधाऱ्यावर, एप्रिलमध्ये. पत्ता मी कळवते, जेवायला माझ्या भावाकडे.

आणि तो ढीग. एकदम उचलून कुणाला देऊन टाकू नका, तसं केलंत की कपाट रिकामं होतं आणि रिकामं कपाट परत ऑर्डर मागतं. बनून झालेला पॉलिस्टरचा टॉप नदीला जेवढं करायचं तेवढं करून बसलाय, आता तो जितका जास्त घातला जाईल तितकं बरं, म्हणून फेकायची घाई नको. सगळं एकदा पलंगावर ओता, तिच्यासमोर, ओरडू नका, नुसतं मोजा. जे ती खरंच घालते ते एका बाजूला. जे उसवलंय, सैल झालंय, चेन गेलीय ते दुसऱ्या बाजूला, ते अल्टरवाल्याकडे. जे चांगलं आहे पण ती घालणार नाही ते मैत्रिणींत अदलाबदल, हॉस्टेलवर मुली आनंदाने घेतात. संस्थेला द्यायचं तर आधी फोन करून विचारा काय हवंय, गूंजसारखी संस्था कपडा निवडून, दुरुस्त करून, गावातल्या कामाच्या मोबदल्यात देते, त्यांना पण धुतलेलं आणि धड लागतं. पूर येईल तेव्हा तर जुनं अजिबात पाठवू नका, नवीन दोन परकर पाठवा. सुती जे फाटलंय त्याची फडकी करा. बाकी जे कशालाच लायक नाही ते कोरड्या कचऱ्यात, आणि ते टाकताना तिला समोर उभं करा, कारण ते कुठे जाणार याचं उत्तर तुमच्याकडे नाही, माझ्याकडे नाही, महापालिकेकडे पण नाही.

नवीन ऑर्डरवर बंदी घालू नका, २० वर्षांची आहे ती. एवढंच ठरवा की कार्टमध्ये टाकलेलं महिनाभर तिथेच राहू दे, महिन्याने पण हवंसं वाटलं तर घे. माझ्या भाचीने केलं, दहातले दोन उरतात म्हणाली. आणि मशीन भरल्याशिवाय लावू नका, थंड पाण्यात लावा, तंतू कमी सुटतात.

तुम्ही पत्रात शेवटी लिहिलं होतंत, मी वर घेतलं नाही, की तुमच्या लग्नातली जांभळी सुती साडी तिला आवडते पण काठ विरलाय म्हणून तशीच पडलीय. ती काढा. रफूवाला अजून मिळतो, काठाला आतून अस्तर लावून घ्या, आणि पदर जिथे धड आहे तिथला तिला ब्लाऊज नाही, कुर्ता शिवा, लांब बाह्यांचा. ती फोटो टाकेल त्याचा. मला पण पाठवा.